कुलगुरूंची दृष्टी कुठे शोधायची: पदं, मोकळा पैसा आणि दिनदर्शिका

प्रश्न असा आहे: विद्यापीठाच्या सर्वोच्च पदावरची व्यक्ती नेमकं काय करते, आणि निवडीच्या वेळी तिच्याकडे जी 'व्हिजन' मागितली जाते ती प्रत्यक्षात उतरते कशी?

कोणत्याही कुलगुरूंची दृष्टी पारखायची असेल तर तीन कागद मागवावेत. पहिला, गेल्या पाच वर्षांत भरलेल्या अध्यापकपदांची विभागवार यादी. दुसरा, अर्थसंकल्पातला जो पैसा आधीच बांधलेला नव्हता तो कुठे गेला त्याचा तपशील. तिसरा, कुलगुरूंची गेल्या सहा महिन्यांची दिनदर्शिका. हे तिन्ही कागद एकच गोष्ट सांगत असतील तर विद्यापीठाला दिशा आहे. तिघांची तोंडं तीन दिशांना असतील, तर दृष्टिपत्र कितीही देखणं छापलेलं असो, त्याचा उपयोग नाही.

पदाच्या नावाचा घोळ आधी मिटवू. अमेरिकेत प्रेसिडेंट म्हणजे अध्यक्ष, ब्रिटन आणि भारतात व्हाइस चॅन्सेलर म्हणजे कुलगुरू, युरोपात बहुतेक ठिकाणी रेक्टर. अधिकार देशागणिक बदलतात, पण कामाचा गाभा सारखाच आहे, म्हणून इथे सगळ्यांना कुलगुरूच म्हणतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. मध्ययुगीन बोलोन्यात रेक्टर विद्यार्थी निवडत. जर्मन परंपरेत दीर्घकाळ रेक्टर एका वर्षासाठी, प्राध्यापकांतूनच निवडला जाई आणि वर्ष संपलं की पुन्हा वर्गावर जाई. अमेरिकेत तो सुरुवातीपासून विश्वस्तांनी नेमलेला कारभारी होता. आजच्या कुलगुरूंच्या अंगात या दोन्ही परंपरा आहेत: सहकाऱ्यांमधला पहिला आणि संस्थेचा कारभारी. यातली एक बाजू विसरली की त्रास सुरू होतो. नुसता सहकारी राहिलेला कुलगुरू नकार देऊ शकत नाही, आणि नुसत्या कारभाऱ्याचं प्राध्यापक ऐकत नाहीत.

बाहेरून हे पद फार बलाढ्य दिसतं. प्रत्यक्षात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीचे निकष अध्यापकांच्या मंडळांकडे असतात, आणि ते योग्यच आहे. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला काय शिकवावं हे कुलगुरूंना कळण्याचं कारण नाही, ते स्वतः रसायनशास्त्राचे नसतील तर. अमेरिकेत 1966 साली अध्यापकांच्या, विद्यापीठांच्या आणि विश्वस्तांच्या संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं त्यात हीच वाटणी मांडली होती: अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांच्या नेमणुका-बढत्या ही प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची, पैसा आणि मालमत्ता सांभाळण्याची अंतिम जबाबदारी नियामक मंडळाची. दोघांच्या मधे उभं राहून एकमेकांची भाषा एकमेकांना समजावणं हे कुलगुरूंच्या वाट्याला येतं. हुकूम देऊन होणारी कामं इथे थोडी आहेत. जी आहेत ती बारकाईने ओळखावी लागतात, कारण तीच त्यांची खरी हत्यारं.

सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे रिकामी होणारी पदं. हिशेब साधा आहे. एखाद्या विद्यापीठात 500 कायम अध्यापक आहेत आणि एक अध्यापक सरासरी 30 वर्षं नोकरी करतो असं धरलं, तर दरवर्षी साधारण 16-17 पदं रिकामी होतात. पाच वर्षांत 80च्या वर. म्हणजे नवी एकही जागा मंजूर झाली नाही तरी एका कारकीर्दीत विद्यापीठाचा सहावा हिस्सा बदलता येतो, आणि ती माणसं पुढची 25-30 वर्षं तिथे असतात. इमारत पाडता येते, योजना बंद करता येते. नेमणूक तशी मागे घेता येत नाही. म्हणूनच या 80 जागांचा विचार पहिल्या वर्षी केला नाही तर पाचव्या वर्षी करण्यासारखं काही उरत नाही.

कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष मुखर्जी याचं फार बोलकं उदाहरण आहेत. ते 1906 ते 1914 आणि पुन्हा 1921 ते 1923 कुलगुरू होते. त्यांच्या आधी हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारी आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारी संस्था होतं. मुखर्जींना तिथे संशोधन आणि पदव्युत्तर अध्यापन हवं होतं. त्यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांकडून मोठ्या देणग्या मिळवल्या, त्यांतून अध्यासनं (देणगीच्या पैशावर चालणारी प्राध्यापकपदं) उभी केली, 1914 साली विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला, आणि मग त्या अध्यासनांवर बसवायला माणसं हेरली. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि फावल्या वेळात प्रयोग करत. ते 1917 मध्ये पालित प्राध्यापक झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा तरुण अधिव्याख्याते म्हणून तिथेच आले. रामन परिणामाचा शोध 1928 मधला, नोबेल 1930 मधलं. मुखर्जी 1924 मध्येच वारले होते. ज्यांना आपल्या कारकीर्दीतच फळ दिसायला हवं असतं, त्यांनी या तारखा एकदा ओळीने लिहून पाहाव्यात.

ही पदं हाताळायची रीत अशी. निवृत्ती किंवा राजीनाम्याने रिकामं झालेलं पद आपोआप त्याच विभागाकडे जाऊ द्यायचं नाही. ते मध्यवर्ती खात्यात येतं आणि विभाग ते पुन्हा मागतो, कारणासह. वर्षातून एकदाच, ठरावीक महिन्यात, सगळ्या मागण्या एकत्र बघायच्या. सुटी सुटी मागणी आली की प्रत्येक वेळी हो म्हणावंसं वाटतं; शेजारी शेजारी ठेवल्या की कोणती खरी निकडीची ते दिसतं. मागणीसोबत तीन आकडे घ्यावेत: विभागाचा एकूण अध्यापन भार, पाच वर्षांतला विद्यार्थीसंख्येचा कल, आणि त्या विभागातल्या पुढच्या पाच वर्षांतल्या निवृत्त्या.

इथे एक चूक हमखास होते. रिकामं पद मध्यवर्ती खात्यात जाणार हे कळलं की विभाग सुमार उमेदवारालाही परिविक्षेनंतर (सुरुवातीच्या पारखण्याच्या काळानंतर) कायम करून टाकतात, कारण त्याला नाकारलं तर माणूसही जातो आणि जागाही. परिणामी दर्जा राखण्यासाठी आणलेला नियमच दर्जा घसरवतो. यावर उपाय नियमातच लिहून ठेवावा लागतो: परिविक्षेत नाकारलेल्या उमेदवाराची जागा त्याच विभागाकडे राहील, मध्यवर्ती खात्यात येणार नाही. ही एक ओळ नसल्यामुळे विभागांचं किती नुकसान होतं हे आत काम केल्याशिवाय कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे नव्या क्षेत्रात एकच माणूस नेमणं. कुलगुरू एखादा नवा विषय जाहीर करतात, एक हुशार तरुण प्राध्यापक आणतात आणि काम झालं असं समजतात. त्याच्याशी बोलायला विभागात कोणी नसतं, त्याच्या विषयाचे पेपर तपासायला कोणी नसतं, पीएचडीचे विद्यार्थी मिळत नाहीत, आणि जुने अभ्यासक्रम शिकवण्याचं ओझं मात्र त्याच्याच गळ्यात पडतं. तीन-चार वर्षांत तो दुसरीकडे जातो. नवं क्षेत्र सुरू करायचं तर किमान तीन माणसं, दोन वर्षांच्या आत, आणि त्यांच्या स्वतःच्या अभ्यासक्रमासह. एवढी पदं नसतील तर ते क्षेत्र जाहीर करू नये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ 1876 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथले पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी पहिले सहाच प्राध्यापक घेतले, पण गणितज्ञ सिल्व्हेस्टर, रसायनशास्त्रज्ञ रेम्सेन, भौतिकशास्त्रज्ञ रोलंड अशा तोलाचे, आणि त्यांच्या जोडीला विद्यावेतन देऊन निवडक तरुण संशोधक. भव्य इमारतींसाठी ते थांबले नाहीत. साध्या, हाताशी असलेल्या वास्तूंत काम सुरू केलं.

प्रायोगिक विषयांत आणखी एक बाब आहे. नेमणुकीचं पत्र जाण्याआधी खोली, विजेचा भार, हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा आणि उपकरणांची खरेदी कुठपर्यंत आली आहे ते तपासावं. प्रयोगशाळा तयार नसताना रुजू झालेल्या माणसाचं पहिली दीड-दोन वर्षं वाया जातात, आणि नेमकी तीच वर्षं त्याच्या परिविक्षेत मोजली जातात.

आता पैसा. बहुतेक विद्यापीठांत निम्म्याहून अधिक खर्च पगारांवर होतो. वीज, पाणी, सुरक्षा, परीक्षा, कर्जाचे हप्ते वजा जाता कुलगुरूंना खरोखर हलवता येईल असा हिस्सा फार लहान उरतो, बहुधा शेकडा दोन-तीन. पण तो दरवर्षी असतो. हे दोन-तीन टक्के सगळ्या विभागांत सारखे वाटून टाकले की कोणी रागावत नाही आणि काही बदलतही नाही. दृष्टी असलेले कुलगुरू ते दोन किंवा तीन ठिकाणी घालतात, आणि बाकीच्यांना आपण का देत नाही हे समोर बसून सांगतात. समोर बसून, हे महत्त्वाचं. परिपत्रकातून कळलेला नकार वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

कायम निधी (मूळ रक्कम राखून फक्त तिच्या उत्पन्नातून खर्च करायचा असा) असेल तर त्याचा नियम आधीच पक्का हवा. प्रचलित रीत अशी की निधीच्या सरासरी मूल्याच्या चार ते पाच टक्के दरवर्षी खर्चायचे, आणि ती सरासरी शेवटच्या बारा तिमाहींची घ्यायची. त्यामुळे बाजार एका वर्षात चढला तरी खर्च फुगत नाही आणि पडला तरी पगार अडत नाहीत. 100चा निधी असेल तर साडेचार मिळतात, हे देणगीदारालाही सुरुवातीलाच सांगावं. एका अध्यासनाचा पूर्ण पगार कायमचा निघावा म्हणून त्या पगाराच्या बावीसपट रक्कम लागते. लोक पाच-सातपट देऊन अध्यासनाला नाव मागतात आणि उरलेला पगार कायमचा विद्यापीठाच्या बोकांडी बसतो.

इमारतींचंही तसंच आहे. फुकट मिळालेली इमारत फुकट नसते. इमारत आज नव्याने बांधायला जितका खर्च येईल त्याच्या दोन ते चार टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवावे, हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1990 मध्ये दिलेला दंडक आजही वापरला जातो. तेवढे ठेवले नाहीत तर पहिली दहा वर्षं काही जाणवत नाही, मग छत, वायरिंग आणि नळ एकदम मागायला लागतात. उद्घाटनाची पाटी एका कुलगुरूंच्या नावाची असते, गळती तिसऱ्याच्या वाट्याला येते. देणगीचा करार करताना बांधकामाच्या रकमेत देखभालीचा निधी धरूनच आकडा सांगावा. आणि देणगीदाराला नेमणुकीत, अभ्यासक्रमात किंवा संशोधनाच्या निष्कर्षात दखल देण्याचा अधिकार द्यायचा नाही. रक्कम कितीही मोठी असो, हे कलम सैल केलं की विद्यापीठ म्हणून जे विकण्यासारखं नाही तेच विकलं जातं.

संशोधन अनुदानाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो: अनुदान वाढलं की विद्यापीठ श्रीमंत होतं. पुष्कळ अनुदानांत वरखर्चाची तरतूद प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असते. प्रयोगशाळेची वीज, हिशेबनीस, ग्रंथालय, घातक कचऱ्याची विल्हेवाट हे सगळं विद्यापीठाच्या खिशातून जातं, म्हणजे बहुधा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. तरीही संशोधन करायलाच हवं, तेच विद्यापीठाचं काम आहे. फक्त प्रत्येक मोठ्या अनुदानाची तूट किती आणि ती कुठून भरणार, हे वित्त अधिकाऱ्यांनी मंजुरीआधी एका ओळीत लिहून द्यावं अशी शिस्त लावावी.

मग ज्याला दृष्टिपत्र म्हणतात त्याचं काय? ते लागतंच, पण उलट्या क्रमाने तयार व्हायला हवं. पहिल्या शंभर दिवसांत लिहायचं नाही, ऐकायचं. प्रत्येक विभागात त्यांच्या जागेवर जाऊन, आपल्या दालनात बोलावून नाही. सगळ्यांना तेच तीन प्रश्न: तुमचं कोणतं काम उत्तम चाललं आहे पण वर कोणाला माहीत नाही? काय बंद केलं तर तुम्हाला हायसं वाटेल? पुढच्या पाच वर्षांत कोण सोडून जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत मोलाची. कोणी वाचत नाही असे अहवाल, तीन विद्यार्थ्यांसाठी चालणारा अभ्यासक्रम, सहा सह्यांची खरेदी. यातल्या चार-पाच गोष्टी पहिल्या सहा महिन्यांत खरोखर बंद करून दाखवल्या तर पुढच्या कठीण निर्णयांसाठी लागणारा विश्वास जमा होतो. कारकून, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक, प्रयोगशाळा सहायक यांनाही हेच प्रश्न विचारावेत. कुठे काय गळतं हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा आधी कळतं.

त्यानंतर मसुदा. त्यातल्या प्रत्येक वाक्याला एक चाचणी लावावी: याच्या उलट वाक्य कोणी शहाणा माणूस म्हणेल का? 'आम्ही गुणवत्तेचा ध्यास धरू' याच्या उलट कोणी म्हणणार नाही, म्हणून ते वाक्य काढून टाकावं. 'पुढची सहा वर्षं पदवीच्या जागा वाढवणार नाही, पदव्युत्तर वसतिगृहं बांधू' याच्या उलट म्हणणारे अनेक सापडतील. ते वाक्य ठेवावं. त्यावर भांडण होईल, आणि व्हायलाच हवं. ज्या दृष्टीमुळे कोणाचंच काही जात नाही तिच्यामुळे कोणाला काही मिळतही नाही.

कॅलिफोर्नियाचा 1960 सालचा उच्चशिक्षण आराखडा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यामागचा मुख्य माणूस कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तेव्हाचा अध्यक्ष क्लार्क केर. आराखड्याचा कणा होता प्रवेशाच्या वाटणीचा: शालेय विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना संशोधन विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत, आणि बाकी ज्यांना शिकायचं आहे त्या सगळ्यांना दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत जागा, तिथून पुढे वर जाण्याच्या वाटेसह. यात कोण काय करणार नाही हेही ठरलं होतं: पीएचडी मुख्यतः विद्यापीठाकडे, राज्य महाविद्यालयांनी तिकडे धावायचं नाही. एवढं नेमकं असल्यामुळेच तो कायद्यात बसवता आला आणि लेखणी हातात असलेली माणसं गेल्यावरही टिकला.

लहान प्रमाणावरचं उदाहरण मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेचं. फ्रीमन राबाउस्की 1992 ते 2022 अशी तीस वर्षं तिथे अध्यक्ष होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी विज्ञान-गणितात मागे पडतात ही तक्रार सगळीकडे होती. तिथे 1988 मध्ये, ते अध्यक्ष होण्याच्या आधीच, मेयरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात नुसते पैसे नव्हते: पहिल्या वर्षाआधी उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास करण्याची सक्तीवजा सवय, लवकरात लवकर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम, आणि कोणी घसरू लागला की लगेच हटकणारी माणसं. ध्येय मोठं, पण उतरवलेलं अगदी सोमवार ते शुक्रवारच्या वेळापत्रकात.

वेळापत्रकावरून तिसरा कागद आठवतो, दिनदर्शिका. कुलगुरूंकडे वेळ मागणाऱ्यांची रांग कधी संपत नाही, आणि रांगेत जो पुढे घुसतो तो महत्त्वाचा असतोच असं नाही. दर आठवड्याचा एक अर्धा दिवस विभागांत फिरण्यासाठी, एक अर्धा दिवस कोणाचीही भेट न घेता वाचण्यासाठी, आणि महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांसोबत अजेंड्याशिवाय तासभर, हे सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवून टाकावं आणि मोडू देऊ नये. समारंभांना जाणं हा कामाचाच भाग आहे, पण आठवड्याला किती याची संख्या ठरवावी. उरलेले समारंभ प्र-कुलगुरू आणि अधिष्ठात्यांना वाटून द्यावेत. त्यांनाही लोकांसमोर यायची संधी हवी असते.

सोबतची माणसं निवडताना बहुतेक कुलगुरू प्र-कुलगुरूंवर लक्ष देतात आणि कुलसचिव व वित्त अधिकाऱ्यांना कार्यालयीन माणसं समजतात. हे फार महागात पडतं. निर्णय विद्या परिषदेत होतो, पण तो फायलीवर उतरतो कुलसचिवांकडे. वित्त अधिकाऱ्यांनी योग्य वेळी तोंड उघडलं नाही तर तूट मार्चअखेर कळते. या तिघांकडून दर आठवड्याला एकाच गोष्टीची मागणी करावी: वाईट बातमी. परीक्षेच्या निकालाला उशीर, वसतिगृहातली तक्रार, प्रयोगशाळेतला छोटा अपघात. अंतर्गत लेखापरीक्षकाचा अहवाल थेट कुलगुरू आणि नियामक मंडळाच्या लेखा समितीकडे जावा, मधल्या कोणाच्या टेबलावरून नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिल्यांदा झापलं की दुसऱ्यांदा ती वर्तमानपत्रातूनच येते.

आंदोलन, अपघात, लैंगिक छळाची तक्रार, निकालातला घोटाळा यांपैकी काहीतरी प्रत्येक कारकीर्दीत येतंच. पहिल्या तासात तीन कामं: माणसं सुरक्षित आहेत का ते पाहणं, काय माहीत आहे आणि काय अजून माहीत नाही ते लिहून काढणं, आणि बोलणारा एकच माणूस ठरवणं. पहिल्या निवेदनात खात्रीच्या गोष्टीच असाव्यात. 'सगळं सुरळीत आहे' हे वाक्य दुसऱ्या दिवशी अंगाशी येतं. पीडित किंवा मृताच्या घरच्यांना निवेदनाआधी स्वतः कुलगुरूंनी फोन करावा. वकिलांचा सल्ला घ्यावा, पण माणुसकीचे दोन शब्द त्यांच्याकडून मंजूर करून घेण्याची गरज नसते.

विद्यार्थ्यांच्या चळवळीबाबत केर यांचंच पुढचं प्रकरण सांगायला हवं. 1964 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात राजकीय प्रचारावर घातलेल्या बंधनांवरून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं आंदोलन पेटलं. विद्यार्थ्यांना केर कठोर वाटले, राजकारण्यांना मवाळ, आणि जानेवारी 1967 मध्ये विश्वस्तांनी त्यांना काढलं. इतका दूरचा विचार करणारा माणूस प्रांगणातल्या प्रचाराच्या टेबलांच्या जागेवरून अडचणीत आला. म्हणून सभा, पोस्टर, निदर्शनं यांचे नियम शांततेच्या काळात, विद्यार्थ्यांना बसवून ठरवावेत आणि आशयाकडे न बघता सगळ्या बाजूंना सारखे लावावेत. 1967 मध्येच शिकागो विद्यापीठात हॅरी कॅल्वेन यांच्या समितीने असं मांडलं की विद्यापीठ टीकाकारांना आसरा देतं, स्वतः टीकाकार होत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या कामावर घाला येत असेल तेव्हाच संस्था म्हणून बोलावं. ही भूमिका सगळ्यांना पटत नाही. पण कुलगुरूंनी प्रत्येक घडामोडीवर मत दिलं की त्या मताच्या विरुद्ध असणाऱ्या अध्यापकाची संस्थेतली जागा आक्रसते, हा धोका खरा आहे.

क्रमवारीबद्दल थोडक्यात. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत दीर्घकाळ 40 टक्के गुण निव्वळ शैक्षणिक प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणाला होते, 2024च्या आवृत्तीपासून 30. प्रतिष्ठा हळू बनते, म्हणून पाच वर्षांच्या मुदतीत 'पहिल्या शंभरात' हे उद्दिष्ट ठेवलं की लोक आकड्यांशी खेळू लागतात: कागदोपत्री अध्यापक, एकमेकांचे संदर्भ देणारे लेख. त्याऐवजी आपल्या हातातले आकडे धरावेत. दरवर्षी 2,000 विद्यार्थी प्रवेश घेतात आणि त्यांतले 80 टक्के दुसऱ्या वर्षात जातात असं समजा. हे प्रमाण 85 वर नेलं तर एकही नवा प्रवेश न देता दरवर्षी शंभर मुलं जास्त शिकत राहतात. कोणत्या विषयाच्या पहिल्या परीक्षेत सर्वाधिक मुलं गळतात, हे बहुतेक ठिकाणी दोन-तीन विषयांवरच येऊन थांबतं. तिथे सर्वांत अनुभवी अध्यापक उभे करावेत. अनेक विभाग नेमकं उलटं करतात, नवख्यांना पहिल्या वर्षावर ढकलतात.

आणि मुदत. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीनुसार पदावर असलेल्या अध्यक्षांची सरासरी सेवा 2006 मध्ये साडेआठ वर्षं होती, 2022 मध्ये 5.9. हार्वर्डचे चार्ल्स एलियट 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षं होते. त्यांनी सक्तीचे विषय काढत काढत निवडीचं स्वातंत्र्य दिलं, आणि त्यांच्यामागून आलेल्या लोवेल यांना मुख्य विषय आणि विषयगटांची चौकट पुन्हा घालावी लागली. तेवढा वेळ आता कोणाला मिळत नाही. पाच वर्षांचा हिशेब असा बसतो: पहिलं वर्ष ऐकणं आणि पदांचे नियम, दुसरं आणि तिसरं मुख्य नेमणुका व पैशाची हलवाहलव, चौथं चुका दुरुस्त करणं, पाचवं हस्तांतरण.

पाचव्या वर्षाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. शेवटच्या सहा महिन्यांत मोठ्या नेमणुका, करार किंवा भूमिपूजनं करू नयेत. मोकळ्या पैशाचा निदान निम्मा भाग आणि काही रिकामी पदं पुढच्या माणसासाठी तशीच ठेवावीत. त्याच्यासाठी एक पातळशी फाइल करावी, वीस पानांच्या आत: चालू खटले आणि त्यांच्या तारखा, तोंडी दिलेली आश्वासनं, देणगीदारांशी अर्धवट राहिलेली बोलणी, पुढच्या पाच वर्षांतल्या निवृत्त्यांची विभागवार यादी, कोणत्या इमारतीचं छत कधी बदलायचं, आणि आपण सुरू केलेल्या पण न जमलेल्या गोष्टी, न जमण्याच्या कारणांसह. तोंडी आश्वासनांचं पान सर्वांत आधी लिहावं. ते लिहिताना जी नावं आठवतात त्यांना त्याच आठवड्यात बोलावून सांगावं की हे आता माझ्या हातात नाही, पण लिहून ठेवलं आहे.